किटवर रेघ आली म्हणजे औषध फसले असे नाही

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या प्रयोगशाळांत एक वाद हटकून होतो. गोळ्या झाल्या, ताप गेला, तरी दोन आठवड्यांनी मलेरियाच्या किटवर फाल्सिपेरमची, म्हणजे मलेरियाच्या एका घातक परजीवीची, रेघ उमटतेच. मग डॉक्टर बदलले जातात! वास्तविक प्रश्न आहे तो कोणते प्रथिन कुठे असते याचा. किटवर फाल्सिपेरमची रेघ बहुधा उमटते ती एचआरपी-२ या प्रथिनामुळे. हे प्रथिन परजीवी तांबड्या पेशीत सोडतो, तिथून ते रक्तात येते आणि परजीवी मेल्यावरही काही आठवडे सापडत राहते. काही किट शोधतात ते एलडीएच हे विकर (एन्झाइम) मात्र परजीवीच्या पेशीद्रवातच असते. तो मेला की थोड्याच दिवसांत तेही दिसेनासे होते. तेव्हा बरे झाल्याची खात्री एचआरपी-२च्या रेघेवरून करू नये, काचपट्टी, म्हणजे काचेवर घेतलेले रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी.

काचपट्टीचीही एक गोम आहे. फाल्सिपेरमचे रक्तातले चक्र ४८ तासांचे. त्यातल्या साधारण १६ ते २० तासांनी पीएफईएमपी-१ हे त्याचे प्रथिन तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर, बारीक उंचवट्यांवर येते आणि पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटते. मोकळी फिरली तर प्लीहेत गाळली जाईल ना! पुढची वाढ तिथेच लपून. बोटाच्या रक्तात म्हणून बहुधा परजीवीच्या कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्था ('अंगठ्या') आणि केळ्याच्या आकाराचे युग्मकजनक (त्याच्या लैंगिक अवस्था) एवढेच दिसतात. एक काचपट्टी निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा घ्यावी, आणि पातळ पसरलेल्या रक्ताबरोबर जाड थेंबाची काचपट्टीही घ्यायला विसरू नये.

– प्रयोगशाळेतील दोन तंत्रज्ञ, पुणे