डिसूझांचे आडनाव आहे तसे राहू दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

वसईतील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावरून केलेली सभासद नोंदणी माहिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये का पोहोचत नाही, याचा छडा आपण लावून दिलात, त्याबद्दल कार्यकारी मंडळाच्या वतीने मनःपूर्वक आभार. हे आभार जाहीरपणे मानण्याचे कारण असे की, अशाच जुन्या पीएचपी स्क्रिप्टवर (संकेतस्थळामागील पीएचपी भाषेतल्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या इतर छोट्या संस्थांनाही आपल्या तपासणीचा उपयोग व्हावा.

तक्रार चमत्कारिक होती. पाटील, म्हात्रे, वर्तक यांच्या नोंदी बिनबोभाट होत असत; परंतु इंग्रजी नावाच्या रकान्यात 'डी' या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी देऊन आडनाव लिहिणाऱ्या डिसूझा आणि डिमेलो कुटुंबांची नोंद कधीच होत नसे, आणि तरीही पडद्यावर 'आपली नोंदणी झाली आहे' हा संदेश त्यांनाही दिसत असे. तीच माहिती डेटाबेस थेट हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या फॉर्ममधून भरली की निमूटपणे जमा होई. त्यावरून स्क्रिप्ट लिहून देणाऱ्या कंत्राटदाराने निष्कर्ष काढला की डेटाबेस ठीक आहे, दोष भरणाऱ्यांचा आहे, आणि त्यांनी आडनावातील ते चिन्ह गाळावे. वसईत असा सल्ला द्यायला धाडसच हवे.

आपण क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेला, हात लावण्याआधी डेटाबेस काय सांगतो आहे ते ऐकण्याचा आग्रह धरलात, आणि सारे काम तेथेच सोपे झाले. आमच्या होस्टिंगवर पीएचपी ७.४ आहे, आणि त्या आवृत्तीत मायएसक्यूएलआयची (पीएचपीला मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाची) क्वेरी फसली तर मूळ व्यवस्थेनुसार केवळ 'फॉल्स' (काम झाले नाही) हे उत्तर परत येते. ते उत्तर न तपासताच स्क्रिप्ट पुढे जाऊन यशाचा संदेश छापत होती. २०२१ साली आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून अशा वेळी आपोआप एक्सेप्शन (चूक सांगून काम थांबवणारा इशारा) येते, तीच सोय एका ओळीने जुन्या आवृत्तीतही चालू करता येते, हे आपण दाखवलेत. शिवाय तो एरर सभासदाच्या पडद्यावर न झळकवता लॉगमध्ये, म्हणजे चुका नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, लिहिला जाईल याचीही काळजी घेतलीत.

लॉगमध्ये आला तो १०६४ क्रमांकाचा एरर, म्हणजे क्वेरीच्या रचनेतील चूक, आणि त्यात 'सूझा' पासून पुढचा मजकूर उद्धृत केलेला होता. स्क्रिप्ट फॉर्ममधील नाव जसेच्या तसे क्वेरीच्या वाक्यात चिकटवत होती. त्यामुळे मायएसक्यूएलच्या दृष्टीने अपॉस्ट्रॉफीपाशी नाव संपत होते आणि उरलेले आडनाव आज्ञेचा भाग ठरत होते. पीएचपीमायअ‍ॅडमिन ते चिन्ह स्वतःच सुरक्षित करून पाठवते, म्हणून तेथे सर्व सुरळीत दिसे. ज्या फटीतून एका सरळ माणसाचे आडनाव क्वेरी मोडू शकते, त्याच फटीतून वाईट हेतूचा माणूस स्वतःची आज्ञा घुसवू शकतो, हे आपण सांगितलेत तेव्हा बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही. आपण सुचवलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरीचा सांगाडा आधी जातो, भरायच्या माहितीच्या जागी प्रश्नचिन्हे असतात आणि नाव स्वतंत्रपणे, निव्वळ मजकूर म्हणून पोहोचते. त्यात कोणतेही चिन्ह असले तरी बिघडत नाही.

यानंतर काही मराठी नावे अडली, पण आता कारण लपले नव्हते: एरर १४०६, मजकूर रकान्यापेक्षा लांब. मराठी नावाचा रकाना वीस अक्षरांचा होता, आणि आपल्या डोळ्यांना 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचे दिसत असले तरी काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजणाऱ्या मायएसक्यूएलला ते दहा वर्णचिन्हांचे असते. संपूर्ण नावाला वीस चिन्हे कोठून पुरणार? येथे एकाने स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर नाकारण्याची मायएसक्यूएलची सक्ती) बंद करण्याचा सोपा मार्ग सुचवला होता. तसे केले असते तर एरर खरोखरच थांबला असता, मात्र नावे शेपटीकडून कापून जमा झाली असती आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. आपण त्याला स्पष्ट नकार देऊन रकानाच रुंद करून घेतलात.

दोन्ही वेळा माणसाच्या नावाला कात्री लावण्याऐवजी आपण प्रणालीला नावाजोगे केलेत, याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत. आपला मोबदला आपण नाकारलात. निदान आजीव सभासदत्व तरी स्वीकारावे, ही विनंती.

ज्यांच्या नोंदी पूर्वी झाल्याच नाहीत, त्यांच्याकडे वर्गणीच्या पावत्या असल्याने त्यावरून यादी करून त्यांना दूरध्वनी करणे सुरू आहे. पुस्तक देवघेवीची स्क्रिप्ट अजून जुन्याच पद्धतीने क्वेरी जोडते. तीही बदलायला घेतली असून तयार झालेली फाइल आपल्या नजरेखालून घालण्यासाठी पाठवू.

आपला नम्र,
कार्यवाह, वाचनालय, वसई