संरक्षणमंत्री साहेब, सात ठिकाणी बोअर नको

मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, जय हिंद.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात राहतो. सोलापूर-हैदराबाद हायवेपासून गाव दोन किलोमीटर आत. सात एकर कोरडवाहू आणि सकाळी साडेपाचला माळावर भरतीच्या पोरांची प्रॅक्टिस, एवढाच माझा व्याप. पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या मंत्रालयात मराठी वाचणारा कुणीतरी निघेलच.

माझा मुद्दा समुद्राचा आणि नौदलाचा आहे. पण आधी डीएपी खताचं सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

२०२४ च्या रब्बीत हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर मी तालुक्याच्या एका खत दुकानापुढं सकाळी सातपासून रांगेत उभा होतो. नंबर लागला साडेअकराला. दुकानदार म्हणाला, दोन पोती मिळतील, पण त्यावर एक सल्फरची बॅग आणि नॅनो युरियाची बाटली घ्यावी लागेल. ह्याला आमच्याकडं लिंकिंग म्हणतात. पोत्याची किंमत १,३५० रुपये छापलेली, पण लिंकिंगचा माल धरून हिशेब कुठल्या कुठं जातो. रांगेत कुणी म्हणालं रेल्वेचा रॅक आला नाही, कुणी म्हणालं पुढाऱ्यांनी दाबून ठेवलंय. खरं कारण सरकारनंच पुढं सांगितलं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून खताची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, साडेसहा हजार किलोमीटर जास्तीचं अंतर कापून येत होती. आपलं निम्म्याहून जास्त डीएपी बाहेरून येतं. येमेनमधले हूती बंडखोर ड्रोन सोडत होते आणि इकडं मी नको असलेली सल्फरची बॅग मोटारसायकलला बांधत होतो.

अठ्ठावीस वर्षं नोकरी केली ती सगळी जमिनीवर, त्यातही बरीच डोंगरावर. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकतिसाव्या वर्षी, युनोच्या मिशनवर काँगोला जाताना, विमानाच्या खिडकीतून. मराठवाड्याला समुद्र नाही, आमच्या पोरांना लाट कशी असते ते रीलमध्येच दिसतं. तरी पायदळाचा हा म्हातारा तुम्हाला सांगतोय, की उद्या जो जास्तीचा रुपया हाती येईल तो समुद्रावर टाका.

रुपया किती आहे तेही बघू. २०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६.८१ लाख कोटींचं होतं. त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनला, त्यात माझंही आलं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पगार आणि रोजचा खर्च गेल्यावर नवीन शस्त्रं, जहाजं, विमानं ह्यांना उरले १.८० लाख कोटी. चीनचा नुसता जाहीर खर्च आपल्या तिपटीच्या वर आहे. आपण लोकसंख्येनं मोठे आहोत, खिशानं मधल्या ऐपतीचे. मधल्या ऐपतीच्या माणसानं काय करू नये, त्याचं उदाहरण आमच्या शेजारच्या गावात आहे.

दुष्काळात द्राक्षाची बाग वाचवायला एका शेतकऱ्यानं पाणाडी आणला. पाणाडी हातावर नारळ धरून रानभर फिरला आणि सात जागा दाखवून गेला. ह्यानं पैसे वाटून सातही ठिकाणी तीनशे-तीनशे फूट बोअर घेतले. सातही ठिकाणी फुफाटाच निघाला. त्याच्या भावानं बांधाला लागून एकच घेतला, साडेसातशे फूट गेला, दीड इंच पाणी लागलं. दीड इंच म्हणजे काही फार नाही. पण बाग जगली.

आपल्या संरक्षणातही तीनशे फुटांवर सोडलेले बोअर आहेत. डोंगरातल्या चढाईसाठी वेगळी स्ट्राइक कोअर, म्हणजे हल्ला करणारी मोठी फौज, उभी करायचं २०१३ मध्ये मंजूर झालं. पैसा पुरेना, ती अर्ध्यावर राहिली. १९९९ मध्ये तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांचा आराखडा मंजूर झाला. स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला आणि सहावी, वागशीर, माझगाव डॉकमधून नौदलात आली जानेवारी २०२५ मध्ये. वीस वर्षांत सहा. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या बेचाळीस स्क्वॉड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या एकोणतीस. तिन्ही दलांना थोडं-थोडं द्यायचं म्हणजे कुणी रुसत नाही, हे मला कळतं. आमच्याकडं वाटण्या अशाच होतात आणि दहा वर्षांत रान विकायला निघतं.

तुम्ही म्हणाल, शत्रू तर डोंगरावर बसलाय. बरोबर. गलवानला जून २०२० मध्ये वीस जवान गेले, ते मी विसरलेलो नाही. चीनबरोबरची प्रत्यक्ष ताबारेषा ३,४८८ किलोमीटरची, पाकिस्तानची सरहद्द वेगळी. ती राखायचीच. पण डोंगर राखणं आणि डोंगरावर माणसं वाढवत राहणं ह्यात फरक आहे. पंधरा हजार फुटांवर एक माणूस ठेवायचा तर त्याच्यामागं रॉकेल, राशन, बूट, औषध वर चढवणारी किती माणसं लागतात, ते मी मोजलंय. मी स्वतः पाठीवर रॉकेलचे जरिकेन वाहिलेत. रस्ता झाला की ही माणसं कमी लागतात. २०२० मध्ये हिमाचलात अटल बोगदा झाला, मार्च २०२४ मध्ये अरुणाचलात सेला बोगदा झाला, हे खरं काम. लडाखच्या वाटेवरचा झोजिला बोगदा पुरा करा, ड्रोन द्या, तोफा द्या, आणि तिथं घट्ट उभं राहा. तिथं दोन्ही बाजू एकमेकांसमोर पाय रोवून आहेत. तिथं आणखी पन्नास हजार माणसं नेली तरी समोरचा तेवढीच आणणार.

समुद्राचं तसं नाही. तिथं भूगोल आपल्या बाजूनं आहे. ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा दीडशेच्या आसपास किलोमीटर, आणि चीनचं बाहेरून येणारं बहुतेक तेल त्याच वाटेनं मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरतं. लडाखात चीन आपल्यापेक्षा वर बसलाय. इथं आपण त्याच्या वाटेवर बसलोय. अंदमान-निकोबार कमांड २००१ मध्ये झाली, तिन्ही दलांची देशातली पहिली. तिला इतक्या वर्षांत हवं तेवढं बळ मिळालं असं मला वाटत नाही. (बंदराच्या नावाखाली तिथलं जंगल आणि शोम्पेन आदिवासी उठवा, असं माझं म्हणणं नाही. धावपट्टी, पाणबुड्या आणि टेहळणी विमानं एवढ्यानं भागेल.) उलट चीननं २०१७ मध्येच आफ्रिकेतल्या जिबूतीला तळ टाकला आणि श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं घेतलं. तो आपल्या बांधाला बांध लावत चाललाय.

आपल्याला हे काम जमतं, ह्याचा पुरावाही आहे. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता ह्या युद्धनौकेनं आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर रुएन हे पळवलेलं जहाज गाठलं. चाळीस तासांत पस्तीस चाचे शरण आले, सतरा खलाशी सुखरूप सुटले. हूतींविरुद्ध अमेरिकेनं आघाडी केली तेव्हा आपण तिच्यात गेलो नाही, पण आपली जहाजं आपल्या झेंड्याखाली पाठवली. मला हे फार आवडलं. २००३ मध्ये इराकला फौज पाठवा म्हणून अमेरिका मागं लागली होती, तेव्हा वाजपेयींच्या सरकारनं नाही म्हटलं, तेही शहाणपणाचं. आधी श्रीलंकेत फौज पाठवून १९८७ ते ९० आपण सुमारे बाराशे जवान गमावले होते आणि कशासाठी ते कुणाला नीट सांगता आलं नाही. माझे उस्ताद तिथं होते. ते त्या तीन वर्षांवर एक शब्द बोलायचे नाहीत.

युनोच्या शांतिसेनेचं विचाराल तर तो लग्नातला आहेर आहे. करावा, भाऊबंदकीत नाव राहतं. खोटं कशाला बोलू, काँगोच्या त्या वर्षाच्या पैशात माझ्या घरावर स्लॅब पडला. पण त्यालाच देशाची ताकद समजू नये.

आमची आजी सांगायची, १३ सप्टेंबर १९४८ ला ह्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं भारताचे रणगाडे आले. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल फौजेनं धडधाकट ताब्यात घेतला आणि दुपारपर्यंत उमरगा गाठलं. पाच दिवसांत निजाम संपला. त्याच वेळी तिकडं काश्मीरात लढाई चालू होती. नवा देश, फौज थोडी, तिजोरी रिकामी, तरी कामं दोनच धरली आणि दोन्ही घरची.

आणखी एक ओझं फौजेच्या खांद्यावरून उतरवा. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ मध्ये, लष्कर आलं ते लागणारच होतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परांड्याकडं पूर आला तेव्हाही हेलिकॉप्टर आणि जवानच बोलवावे लागले. बोटी, दोर आणि शिकवलेली पन्नास माणसं मराठवाड्यात कायमची ठेवायला राज्याला काय लागतं? हे तुम्ही मुख्यमंत्र्यांना सांगा, आमचं कोण ऐकतं.

राहता राहिला अग्निवीरचा प्रश्न. चार वर्षं, आणि शंभरातले पंचवीस कायम. पायदळात एकवेळ चालेल. पाणबुडीतला माणूस चार वर्षांत जेमतेम कामाचा होतो. निदान नौदलात तरी जास्त पोरं ठेवून घ्या.

माझ्या ग्राउंडवर बावीस पोरं येतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारणारी चार आहेत. सगळ्यांना आर्मी नाहीतर पोलीस हवंय. नेव्हीचा फॉर्म त्यातल्या एकानंही कधी भरला नव्हता. मागच्या आठवड्यात एकानं विचारलं, "उस्ताद, नेव्हीला पोहता यावं लागतं का?" मी म्हटलं, चिलिकाला, ओडिशातल्या नेव्हीच्या ट्रेनिंग सेंटरात, शिकवतात, पण आधी आलं तर बरं. दुसऱ्या दिवसापासून सहा जण आमच्या विहिरीवर येतायत, कमरेला रिकामे डबे बांधून. नौदलाची माहिती सांगणारा एखादा माणूस धाराशिवला पाठवता आला तर मार्चच्या आत पाठवा. त्यानंतर विहिरीत पाणी नसतं.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
उमरगा तालुका, जि. धाराशिव