पाटीवर काय लिहायचं?

टोकियो, रविवार

प्रिय विन्या,

मेसेज मिळाला. चाकणच्या कंपन्यांत येणारे जपानी पाहुणे आता तुझ्या लॉजवर उतरणार, तर 'वेलकम'ला जपानीत काय म्हणतात ते एका शब्दात कळव, म्हणतोस. एका शब्दात भागणार नाही रे, म्हणून हे पत्र.

'योकोसो' तुला कुणीही सांगेल. चूक नाही, पण तो विमानतळावरच्या फलकाचा शब्द. इथली र्‍योकान, म्हणजे जुन्या पद्धतीची उतारगृहं, दारात काळी पाटी लावतात. वर 'कांगेई', म्हणजे स्वागत, खाली पांढऱ्या अक्षरांत त्या दिवशीच्या पाहुण्यांची आडनावं, प्रत्येकापुढे 'सामा', आपल्या 'साहेब'सारखं. तू तेच कर. फक्त आडनावाची कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, आधी विचारून घे. एकटं वातानाबे कितीतरी तर्‍हांनी लिहितात!

काउंटरवरच्या पोरांना 'इराश्शाइमासे' शिकव. दुकान असो की हॉटेल, आत पाऊल टाकलं की हेच कानावर येतं. मात्र याला उत्तर द्यायची पद्धत नाही. पाहुणा फार तर मान हलवेल, पोरांनी उगाच मनाला लावून घेऊ नये. सुशीवाले नुसतं 'राश्शाई!' असं ओरडतात, ते तुझ्याकडे नको. क्योतोत 'ओकोशियासु', ओकिनावात 'मेन्सोरे'. हे आपलं गप्पांपुरतं ठेव.

बुकिंग करून आलेल्याला म्हणायचं, 'ओमाची शिते ओरिमाशिता'. आम्ही तुमची वाटच पाहत होतो. मला स्वतःला हे सगळ्यांत आवडतं. आणि तोच माणूस दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी परतला, की 'ओकाएरिनासाइमासे'. शाळेतून आलेलं पोर दारातून 'तादाइमा' ओरडतं आणि आई आतून 'ओकाएरी' म्हणते, त्याचंच हे अदबशीर रूप. इथल्या हॉटेलांतही म्हणतात. सकाळी निघताना 'इत्तेराश्शाइमासे', आपलं 'जाऊन या'.

भिंतीवर 'ओमोतेनाशी', म्हणजे आदरातिथ्य, असं रंगवायचा मोह होईल, तो आवर. 2013 मध्ये क्रिस्तेल ताकिगावाबाईंनी ऑलिंपिकसाठी टोकियोची बाजू मांडताना तो शब्द एकेक अक्षर तोडून उच्चारला, आणि तेव्हापासून त्याचा पार चोथा झालाय. आदरातिथ्य करणाऱ्याने ते स्वतःच कशाला जाहीर करायचं?

हारतुरेही नकोत. रात्रभराच्या प्रवासाने आंबलेल्या माणसाच्या हातात गरम ओला टॉवेल दे, तो ओशिबोरी म्हणून लगेच ओळखेल. मग चहा, पण बिनसाखरेचा विचारून.

पहिल्या तुकडीची नावं पाठव, कांजी तपासून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या