बोर्डावरच्या ओळी

आचरा,
शिमग्यानंतरचा सोमवार

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, डोळ्यांत औषध वेळेवर घालताय ना? हे पत्र आईने वाचून दाखवायचं आहे, तुम्ही चष्मा शोधू नका. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्ही मध्येच "बरं, ठेव आता" म्हणता.

मी दुकानाचा बोर्ड नवा रंगवून घेतला. ताईच्या मोबाइलवर फोटो येईलच, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. तुमच्या बोर्डावर सात ओळी होत्या: मोटर वायंडिंग, पंखे, मिक्सर, इस्त्री, घरचं वायरिंग, इन्व्हर्टर, गणपतीची रोषणाई. आता दोनच आहेत. पंपाच्या मोटरचं वायंडिंग आणि ती मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर.

पहिल्याच आठवड्यात वरच्या वाडीतली काकी टेबलफॅन काखेत मारून आली. "पंखो करूक नाय म्हणतंस? मगे दुकान कित्याक उघडलंस?" कपॅसिटर गेला होता, बदलून दिला. पैसे घ्यायला जीभ रेटली नाही. म्हणजे धंदाही गेला नि तत्त्वही गेलं, असं तुम्ही म्हणणार.

पण गेल्या मार्चची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जळकी तार काढून नवी गुंडाळायला, वायंडिंगला, सहा मोटरी येऊन पडलेल्या आणि मी एका मिक्सरच्या कपलरसाठी कणकवलीच्या फेऱ्या मारत होतो. तेवढ्यात खाडीकाठच्या बागायतदाराची पोफळ सुकायला लागली. तो न बोलता आपली मोटर उचलून घेऊन गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बी.कॉम.ला आम्ही अ‍ॅडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना पाठ केला होता. १७७६ साली त्याने लिहिलं: दहा माणसांनी कामं वाटून घेतली तर दिवसाला ४८ हजार टाचण्या होतात, एकेकट्याने सगळं करायचं म्हटलं तर वीसही होणार नाहीत. परीक्षेला एवढंच यायचं. त्याचाच पुढचा भाग मी आत्ता वाचला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नुसते खिळे घडणारा जगूच शकत नाही, असं तो म्हणतो. दिवसाला हजार खिळे, वर्षाला तीन लाख, आणि तिथे खपणार नाहीत हजारसुद्धा, म्हणजे वर्षातल्या एका दिवसाचं काम. म्हणून तिथला शेतकरी स्वतःच खाटीक, स्वतःच पाववाला. वाचताना तुमचाच चेहरा समोर आला. तुम्ही दुकान टाकलंत तेव्हा ह्या पंचक्रोशीत पंप ते किती? नुसत्या वायंडिंगवर आपण उपाशी मेलो असतो. सात ओळी हौसेने लिहिल्या नव्हत्यात, हे मला उशिराच कळलं. आता देवगडहून टेम्पोत मोटर येते, कुडाळचा माणूस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो. गाव तेवढंच आहे, गिऱ्हाइकांचा घेर वाढलाय.

आता दुसऱ्या ओळीचं सांगतो. मुणग्याकडची एक तीन एचपीची मोटर एका हंगामात दोनदा जळली. दोन्ही वेळा दुसरीकडे वायंडिंग झालं होतं, आणि हात चांगला होता, कॉईल अगदी नेटकी बसवलेली. तिसऱ्यांदा जळल्यावर माझ्याकडे आली. उघडली तर विजेच्या तीन फेजपैकी दोन फेजच्या कॉईल कोळसा झालेल्या, तिसरी मात्र तशीच तांबूस, चकचकीत. स्टार जोडणीची मोटर, तिन्ही कॉईलींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं, म्हणजे एक फेज गेल्यावर ती उरलेल्या दोनांवर धापा टाकत चालली असणार. वायंडिंगला हात न लावता मी गाडी काढली आणि विहिरीवर गेलो. पंपाची खोप खाडीच्या तोंडाला. स्टार्टरचं झाकण काढलं तर खाऱ्या वाऱ्याने एक कॉन्टॅक्ट हिरवा पडून खाल्लेला. फेज तिथेच मरत होती. बाबा, हे मला वायंडिंगने शिकवलं नाही. तुमच्यामागून वायरचं भेंडोळं घेऊन माळ्यांवर चढलो, त्याने शिकवलं. म्हणून 'स्टार्टर' ठेवलंय.

धास्ती एकच आहे. सौर पंपांची सरकारी कुसुम योजना २०१९ मध्ये आली, तेव्हापासून सौर पंपांचं बोलणं वाढलंय. त्यात आपला स्टार्टर नसतो, कंट्रोलर असतो. उद्या सगळेच तिकडे वळले तर माझ्या दोन ओळींचं काय? पंखे-मिक्सरमधून सुटलेल्या वेळात ते शिकायचा विचार आहे, अजून पक्कं काही नाही. गणपतीच्या रोषणाईचं सामान शेजारच्या पोराला दिलं. भाडं घेत नाही, फक्त देवळासमोरची माळ त्याने तुमच्यासारखीच लावायची.

आई, आता तुझं काम. तुझ्या अक्षरातली डाटाची वही मी रोज उघडतो. कुठल्या मोटरला तारेचे किती टर्न, कुठल्या जाडीचा गेज, सगळं त्यात आहे. आधीच कुणी चुकीचं भरलेलं असेल तर जळकी कॉईल मोजून उपयोग नसतो, तेव्हा ही वहीच कामाला येते. पण निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत, मधल्या पानावर, पाच एचपीच्या जुन्या मोनोब्लॉक पंपाच्या नोंदीवर पाणी पडलंय. ५२ टर्न आहेत की ६२? बाबांना विचार, त्यांना तोंडपाठ असेल. मोटर टेबलावर उघडी आहे आणि तिचा मालक उद्या सकाळच्या एस.टी.ने येतोय.

तुमचा,
बाळा