क्रँक शेवटी कोणाकडे जातो?

कोव्हेंट्री,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी "इंजिन कुणाला दिलंस?" असे विचारले आणि मी "सविस्तर सांगते" असे म्हणून वेळ मारून नेली, कारण त्या दिवसापर्यंत ते दुरुस्तीला कुणालाच दिलेले नव्हते. परवा दिले. कोणाला दिले आणि तिथवर पोहोचायला सात महिने का लागले, ते या पत्रात लिहिते, म्हणजे आईलाही स्पीकरवरचे अर्धे बोलणे ऐकून उरलेल्याचा तर्क करावा लागणार नाही.

गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहेच. १९६७ ची एमजीबी, दोन माणसांची, उघड्या टपाची. या गाड्या १९६२ पासून १९८० पर्यंत इथून तास-दीड तासावरच्या अॅबिंग्डनमध्ये तयार होत आणि पाच लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. बाबांना मात्र गाडीपेक्षा तिच्या इंजिनाची ओळख जास्त आहे, ती अशी: मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका आपल्याकडे उत्तरपाड्यात अॅम्बेसेडर झाली, आणि तिच्यातले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि माझे १७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, बी-सिरीजचे आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, दोघांचीही साडेतीन इंच. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, तेवढा मोठा केलेला आहे. म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या बाकावर जी उघडी पडलेली इंजिने पाहत मी शाळेचा अभ्यास केला, त्यांचेच हे थोरले भावंड आहे.

मार्चमध्ये चढावर निळा धूर दिसू लागला. तेलाचा दाब गरम इंजिनावर पन्नास पौंडांच्या वर हवा, तो पंचवीसच्या पुढे जाईना. कॉम्प्रेशन तपासले तेव्हा तीन सिलिंडर एकशे चाळीस ते दीडशेच्या घरात होते आणि तिसरा शंभरावर अडकला होता. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडल्यावर तोच एकशे पस्तीसवर गेला. व्हॉल्व्ह गळत असते तर तेलाने एवढा फरक पडला नसता, तेव्हा रिंगा आणि बोअर गेले आहेत हे कळायला मला कोणाची गरज पडली नाही. इंजिन उतरवून हेड आणि पिस्टन काढले आणि बाबांची बावीस-सातची युक्ती करून पाहिली. जुनी रिंग बोअरमध्ये घातली, ती तिरकी बसू नये म्हणून उलट्या पिस्टनने खाली ढकलली, आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजली: तळाशी चौदा थाऊ. मग तीच रिंग वरच्या कडेच्या जरा खाली आणून पुन्हा मोजली: छत्तीस. फरक बावीसचा, म्हणजे बोअर वर सात थाऊने खाल्ला गेला आहे. तुमच्या जावयांना थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग हे ठाऊक होते, पण फटीतल्या दर बावीस थाऊंमागे व्यासात सात का धरायचे हे वर्तुळ काढून दाखवावे लागले.

इतके झाल्यावर खरे काम सुरू झाले, ते म्हणजे बोअर मारणारा माणूस शोधण्याचे. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट हे सगळे पैसे टाकले की चार दिवसांत घरपोच येते. जुन्या बिडाच्या ब्लॉकमध्ये सरळ आणि गोल भोक पाडून देणारा माणूस तसा येत नाही. पहिल्या वर्कशॉपमध्ये काउंटरवरच्या मुलाने ब्लॉककडे पाहिले आणि "साठ थाऊ करून टाकू, सगळे साफ निघेल" असे सांगितले. गेज खोक्यातून बाहेरही काढला नव्हता. या ब्लॉकमध्ये सिलिंडर जोडीजोडीने चिकटलेले आहेत, पहिल्या-दुसऱ्याच्या आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये पाणी फिरत नाही; भिंतीचे बीड उगाच उडवले तर पुढच्या खेपेला स्लीव्हशिवाय, म्हणजे आतून नवी नळी बसवण्याशिवाय, गत्यंतर नाही आणि स्लीव्ह बसवणेही सोपे नाही. मी ब्लॉक परत गाडीत ठेवला. दुसरे गृहस्थ सज्जन होते, पण त्यांची सगळी यंत्रे आजच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांसाठी मांडलेली होती, आणि पिस्टन यायच्या आत बोअर करून ठेवतो, असे त्यांनी म्हटल्यावर मला पुढे विचारावेसे वाटले नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय तुम्ही बोअरला शेवटचा हात लावला नाहीत, गिऱ्हाईक दारात बसून राहिले तरी. छापील मापावर भरवसा ठेवून काम केले आणि पिस्टन अर्ध्या थाऊने वेगळा निघाला, तर दोष कोणाचा?

मग मला उद्यमनगर आठवले. आपल्याकडे बोअरिंग होते, पण क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, घासायचे ग्राइंडिंग मशीन नव्हते. क्रँक तुम्ही दोन गल्ल्या सोडून पाठवत होता, आणि निपाणी, कागल, गडहिंग्लजची वर्कशॉपे कितीही पाट्या लावोत, त्यांचेही क्रँक शेवटी त्याच माणसाकडे येत. म्हणून मी प्रश्न बदलला. "तुम्ही बोअर कराल का?" हे विचारणे सोडले आणि "तुमचे क्रँक कोण घासून देते?" असे विचारू लागले. जुन्या गाड्यांचा एक हौशी माणूस, शेतीची जुनी ट्रॅक्टरे राखणारे एक आजोबा, मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारा एक तरुण, आणि ते दुसरे सज्जन गृहस्थसुद्धा, अशा चौघांनी थोडे आढेवेढे घेऊन एकाच माणसाचा पत्ता दिला. त्याच्या दारावर पाटी नाही.

हे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सोळाव्या वर्षी ते अल्फ्रेड हर्बर्टमध्ये शिकाऊ म्हणून लागले. बाबा, तुम्ही "हरबटचा चक" म्हणत होता ना, तीच कंपनी. ती याच कोव्हेंट्रीची, आणि १९८३ साली बंद पडली. त्यांच्या शेडमध्ये चर्चिलचे क्रँक ग्राइंडर आहे, बोअरला आतून शेवटची घासणी देणारे डेलापेनाचे होनिंग मशीन आहे, आणि कोपऱ्यात एक स्टूल आहे ज्यावर मला तीन तास बसवून ठेवण्यात आले. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले नाही, आधी ब्लॉक धुतला. मग तो आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि "उद्या या, आज तो गाडीतून आला आहे, गार-गरम आहे" असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, लांबीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने, असा सहा ठिकाणी मोजून माप त्या त्या सिलिंडरशेजारी खडूने लिहिले. खाली तीन इंच एकशे ऐंशी थाऊ, म्हणजे कोणीतरी पूर्वी वीस थाऊ मारून ठेवलेलेच होते. तिसऱ्याच्या वर एकशे सत्त्याऐंशी. माझे सात थाऊ बरोबर निघाले. मी ते फिलर गेजने काढले होते असे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले आणि "कोणी शिकवले?" असे विचारले.

मूळ मापापेक्षा तीस थाऊ मोठे करून भागेल का, असे मी विचारले. ते म्हणाले की कागदावर भागेल, पण बोअर सगळीकडून सारखा खाल्ला जात नाही, पिस्टन ज्या बाजूला रेटतो तीच बाजू जास्त जाते. बोअरिंग बार वरच्या झिजलेल्या जागेवर धरून सेंटर केला तर तीसमध्ये काम होईल आणि सिलिंडर आपल्या जागेवरून सरकेल. खाली, न झिजलेल्या जागेवर सेंटर केला तर चाळीसशिवाय सगळीकडून साफ होणार नाही. तेव्हा चाळीस. "सेंटर खालून घे" हे तुम्ही बबनला ओरडून सांगत होता ते मी मराठीतच पुटपुटले.

क्रँकचे काम त्यांनी जास्त वेळ घेऊन पाहिले. तो आधी चुंबकित केला, त्यावर चमकणारे द्रावण ओतले आणि दिवे मालवून जांभळ्या दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला. कुठे चीर असती तर रेघ उजळली असती. नव्हती. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन थाऊने लंबगोल झाले आहे, आधी दहा थाऊ घासलेले आहे, आता वीस करावे लागेल. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडरच्या चाकाने कापली जाऊ नये म्हणून ते चाक दर वेळी हिऱ्याने पुन्हा घडवून घेतात. ती गोलाई गेली की क्रँक तिथूनच मोडतो.

हेड मात्र गेले. दुसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हसीटांच्या मध्ये केसाएवढी चीर निघाली, जी या इंजिनांची जुनी खोड आहे. शिसे असलेले पेट्रोल इथे आणि आपल्याकडेही २००० सालापासून पंपावर सर्रास मिळत नाही, आणि शिशाविना जुन्या बिडाच्या एक्झॉस्ट सीटा हळूहळू बसत जातात, म्हणून कडक सीटा बसवायच्याच होत्या. पण चिरलेल्या हेडात सीट ठोकायला त्यांनी साफ नकार दिला. "पैसे तुमचे घेईन आणि हेड सहा महिन्यांत परत येईल," असे म्हणाले. आता दुसरे जुने हेड पाहणे चालू आहे. खर्चाचा आकडा आईला फोनवर सांगेन, पत्रात लिहिला तर तो पुन्हा पुन्हा वाचला जाईल.

त्यांच्या हाताखाली कोणी नाही. मुलगा लंडनला बँकेत आहे. दोन वेळा शिकाऊ ठेवून पाहिले, दोघेही वर्षाच्या आत गेले. मी शनिवारी येऊन मापे लिहून घेऊ का, असे विचारले तर त्यांनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. एक एप्रन दाखवला. आता ते ओरडून सांगतात आणि मी लिहिते, जसे बाबा ओरडून सांगत आणि आई खतावणीत लिहीत असे: "तिसरा, वर सात, मध्ये चार, खाली शून्य." आई, तुझे अक्षर तेव्हा माझ्यापेक्षा चांगले होते आणि अजूनही आहे.

पिस्टन पुढच्या आठवड्यात येतील. ते चारही वजन करून, एकेक मोजून, ज्या सिलिंडरात जायचा त्याचा आकडा त्यावर लिहून झाला की मगच बोअरचा शेवटचा हात. होनिंगच्या रेघा किती अंशांच्या ठेवायच्या आणि पिस्टनला फट किती द्यायची यावर आमचे थोडे मतभेद आहेत, म्हणजे त्यांचे आणि बाबांचे. मी नुसती निरोप्या आहे. त्यांना असे हवे आहे की अॅम्बेसेडरला तुम्ही प्रत्यक्षात किती फट ठेवत होता ते कळावे, पुस्तकातले नव्हे.

तेव्हा आई, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीच्या खतावण्या आहेत, त्यातली अॅम्बेसेडरची पाने बाबांकडून शोधून घे आणि फोटो काढून पाठव. बाबांना स्वतः शिडीवर चढू देऊ नकोस. एका पानावर तेलाचा डाग आहे, तो माझ्या हातून पडला होता. तेच पान असेल तर आधी पाठव, कारण त्यावर तीन टॅक्स्यांची मापे एकाखाली एक आहेत.

तुमची,
धाकटी