पोटात पोहे-जलेबी आणि हाती नाडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवार उजाडला की आपल्या इंदूरमध्ये कुठल्या ना कुठल्या कॉलनीत 'निःशुल्क नाडी परीक्षण शिबिर' भरलेले असते. त्याचे पत्रक वर्तमानपत्राच्या घडीतूनच घरात येते. 'काही सांगू नका, रिपोर्ट दाखवू नका, फक्त हात पुढे करा' अशी त्यावरची भाषा. आमच्याकडच्या अशाच एका शिबिराला शेजारच्या काकूंना घेऊन गेलो होतो.

नाडी सकाळी, रिकाम्या पोटी पाहावी. नुकताच जेवलेला, न्हालेला, उन्हातून किंवा व्यायाम करून आलेला, अशांची नाडी नीट कळत नाही, असे जुने ग्रंथच सांगतात. इथे साडेदहाच्या उन्हात रांग लागलेली आणि निम्म्या रांगेच्या पोटात कोपऱ्यावरचे पोहे-जलेबी! वैद्यराजांनी काकूंच्या बांगड्या वर सारल्या, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवली आणि कानाशी मोबाईल तसाच धरून निदान सांगितले: वात वाढलाय, लिव्हर मंद आहे, शुगरची सुरुवात दिसते. काकू कितीतरी वर्षे शुगरची गोळी घेतात. विचारले असते तर त्यांनीच सांगितले असते. तपासणी फुकट, पण पुड्यांचे पैसे रोख. पुड्यांवर ना नाव, ना घटक, ना तारीख. वर 'ती गोळी हळूहळू बंद करा' हा सल्ला. घरी येताच मुलाने डॉक्टरांना फोन लावला म्हणून ती बंद झाली नाही.

हे सगळे आयुर्वेदाच्या नावाने चालते, याचा मला जास्त राग येतो. चरकसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णनच नाही. ती ठळकपणे येते पुढे शार्ङ्गधरसंहितेत. त्यानंतरच्या अष्टविध परीक्षेतही नाडी आठातली एक. मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे, शरीराची ठेवण, हे उरलेले सात शिबिरात कुणी पाहिले? पाहणे, हात लावून तपासणे आणि प्रश्न विचारणे, ही तर पायाभूत त्रिविध परीक्षा. रोग्याचे वय, बळ, सवयीचा आहार, पचनाची ताकद, मनाची ताकद, सगळे तपासायला चरक सांगतात. तोंडातून शब्द न काढता हे कसे कळणार?

भूक कशी लागते, झोप किती, जेवण कधी, हे विचारले असते तर अर्ध्या इंदूरचे निदान तिथेच झाले असते. आपण रात्री बारा वाजता सराफ्यातल्या खाऊगल्लीत दहीवडा हाणतो. रात्री दही खाऊ नये, असे आयुर्वेद स्पष्ट बजावतो. आधीचे पचल्याशिवाय पुढचे खाऊ नये. मलमूत्राचे वेग दाबू नयेत. व्यायाम अर्ध्या ताकदीपर्यंतच. डोके, कान आणि तळपाय यांना तेल लावायला विसरू नये. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात हे सारे सुरुवातीच्या अध्यायांतच आहे. अर्थात यातले काहीही पुडीत बांधून विकता येत नाही.

ज्यांना खरोखर वैद्यांना दाखवायचे आहे, त्यांच्यासाठी लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे जावे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात आणि रिपोर्टही.

आता आपल्याकडे एक विनंती. पत्रके हॉकर घालतो, त्यावर आपले नियंत्रण नसेलही. पण मधुमेह, रक्तदाब बरा करण्याचे दावे आतल्या पानांवरच्या जाहिरातींतही दिसतात, आणि अशा जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. आपण त्या घेऊ नयेत. शिबिराची जाहिरात घ्यायचीच असेल, तर वैद्यांचा नोंदणी क्रमांक छापण्याची अट घालावी. कितीजण तो देतात, ते महिन्याभरात आपल्यालाच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर