गौरीताई, सासूबाईंनी फोन लावायला सांगितला!

प्रिय गौरीताई सावंत,
स.न.वि.वि.

तुमची-माझी ओळख नाही. मी कराडची, एका ट्रान्स मुलीची आई. लेक आता दिवाळीला उजळ माथ्याने घरी येते, त्याचे आभार मानायला हे पत्र.

ती पुण्यात शिकायला होती तेव्हा तिने आम्हाला सगळं सांगितलं आणि सासूबाईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. त्यांच्या लेखी तृतीयपंथी म्हणजे सिग्नलला टाळी वाजवणारे, नाहीतर सिनेमात हसवायला आणलेलं पात्र. मी तरी वेगळं काय पाहिलं होतं?

मग २०१७ मध्ये तुमची व्हिक्सची जाहिरात आली. बसमधून वसतिगृहात निघालेली मुलगी आपल्या आईबद्दल सांगत असते आणि ती आई म्हणजे तृतीयपंथी असलेल्या तुम्ही, हे उशिरा दिसतं. तोवर आपण तुम्हाला आई मानून मोकळे झालेले असतो! पोरीला डॉक्टर नाही, वकील व्हायचंय, तुमच्यासाठी. सासूबाई गप्पच. पण त्याच वर्षी तुम्ही 'कौन बनेगा करोडपती'मध्ये आलात, सोबतीला उषा उथुप. हा कार्यक्रम आमच्याकडे पूजेसारखा बघतात. तुमची साडी, तुमचं बोलणं सगळं न्याहाळून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हिला घरच्यांनी का नाही गं ठेवली?" मी म्हटलं, "आपण ठेवलीय का?" रात्री त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितला. नातीला पहिला प्रश्न काय, तर "जेवलीस का?"

टीव्हीवर दिसायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही मुंबईत मालाडच्या मालवणीत 'सखी चारचौघी' या तुमच्या संस्थेचं काम करत होतात. तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणाऱ्या २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातही तुम्ही याचिकाकर्त्या होतात. हे मी नंतर वाचलं. निकाल मोठाच, पण खरं सांगू? आमच्या स्वयंपाकघरापर्यंत तो एकट्याने पोचला नसता.

२०२३ मध्ये सुश्मिता सेननी 'ताली'त तुमची भूमिका केली. काम चांगलं आहे, पण ती एखाद्या ट्रान्स अभिनेत्रीला मिळायला हवी होती असं मला वाटतं. सासूबाईंनी ती मालिका नातीच्या मोबाईलवर, तिला चिकटून बसून पाहिली. त्यांचं मत निराळं: "खरी गौरी जास्त ठसक्यात बोलते."

लेकीला तुम्हाला भेटायचंय. मुंबईला येणं झालं तर मालवणीत येऊ. शेंगदाण्याची चटणी आणू, ती सासूबाईंनी परस्पर कबूल करून टाकली आहे. तिखट चालतं ना तुम्हाला?

तुमची,
कराडची एक आई